बायकांच्या बाजूची राणी

माझ्या हाताखालून आजवर निदान दहा हजार टोप्या गेल्या असतील. खळ घालायची, चुण्या पाडायच्या, इस्त्री फिरवायची, फीत ओवायची. तेव्हा टोपीबद्दल मला कोणी शिकवू नये. आमच्या व्हाल्ब्रेल गावात लग्न झालेलीच्या फितीची गाठ डाव्या कानाखाली, विधवेची उजव्या कानाखाली, आणि कुमारिकेला फीतच नाही. आंधळी म्हातारीसुद्धा इथे गाठ चुकत नाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे पॅरिसच्या एका शिकलेल्या माणसाला हेच सांगताना माझी जीभ झिजली आणि उपयोग शून्य.

पण ही हकिकत माझी नाही, माझ्या बाबांची आहे. ओनेझीम तेक्सरो. पाथरवट. आमच्या चर्चच्या दर्शनी भिंतीत बाबांची शिवी न खाल्लेला एकही दगड नसेल. शिव्या देत देत काम करायचं ही त्यांची पद्धत होती आणि ज्याच्यावर जीव असेल त्याला शिव्या जास्त. माझ्या आईला तर रोज. आई काही ऐकून घेणारी नव्हती. मोदेस्त तेक्सरोचं तोंड सुरू झालं की शेजारची फेलिसी दुकानाचं दार उघडं ठेवायची, नीट ऐकू यावं म्हणून. पण संध्याकाळी घेवड्याचं कालवण ताटात पडलं की दोघं एकमेकांना लोणी पुढे सरकवत. असा तो संसार.

चर्चच्या दाराला दोन मूर्ती. आत शिरताना डाव्या हाताला राणी राडगोंद, उजव्या हाताला बिशप इलेर. दोघंही संत, दोघंही माणसाएवढे. बिशपचे दोन्ही हात क्रांतीच्या वर्षी तोडलेले आणि दोघांची तोंडं पावसाने धुऊन गेलेली. आमच्या चर्चमध्ये बायकांच्या खुर्च्या डावीकडे, पुरुषांच्या उजवीकडे. म्हणून बायका राणीच्या पायाला हात लावून आत जातात आणि पुरुष बिशपच्या. बाळंतीण पहिल्यांदा बाहेर पडते ती राणीच्या पायाशी येते. माझ्या आईने मला तिथे नेलं होतं, तिच्या आईने तिला. हात लावून लावून राणीच्या त्या पायाची बोटं गेली होती, नुसता गुळगुळीत गोटा उरला होता.

अठराशे एक्कावन्नच्या ऑगस्टमध्ये फोटोवाला साहेब आला. सरकारने म्हणे पाच-सहा जणांना देशभर पाठवलं होतं, जुनी चर्चं कोसळायच्या आत त्यांचे फोटो काढून आणायला. मी तेव्हा निओर शहरात इस्त्रीचं काम शिकत होते, त्यामुळे तो दिवस मी पाहिला नाही, पण तो इतक्या तोंडून ऐकला आहे की पाहिल्यासारखाच आहे. सकाळची वेळ, दार सावलीत. साहेबाने तिपाईवर पेटी ठेवली, तीत मेण लावलेला पातळ कागद घातला आणि सगळ्यांना बजावलं, "झाकण काढल्यापासून बारा मिनिटं हलायचं नाही. जो हलेल तो उमटणार नाही."

दाराशी वीस माणसं जमली होती. कुणाला शिंक आली, कुणाची शेळी सुटली, कुणाला वाटलं बारा मिनिटं झाली. बाबा शिडीपाशी उभे होते ते दुसऱ्याच मिनिटाला शिडी सरळ करायला गेले. वीसच्या वीस माणसं कागदावरून पुसली गेली. उरली एकटी माझी आई. राणीच्या पायाशी पायरीवर बसली होती, हात मांडीत घेऊन, आणि तिने पापणीही हलवली नाही. साहेब खूश झाला. म्हणाला, "बाई, पॅरिसमध्येसुद्धा इतकं स्थिर कोणी बसत नाही."

ती का बसली होती ते मला पुष्कळ नंतर कळलं.

त्याच हिवाळ्यात आई छातीच्या तापाने गेली. आठवडाभराचं दुखणं. मी निओरहून आले ते राहिलेच, बाबांचं करायला कोणी नव्हतं. रविवारी मिसेची प्रार्थना झाली की बाबा तडक तिच्या कबरीवर जायचे, तण उपटायचे आणि तिच्याशी बोलायचे. बोलायचे म्हणजे काय, भांडायचे! "तुझी ती कोंबडी मेली बघ. सांगत होतो ना, घेऊ नकोस!" लोक कुंपणापलीकडून ऐकून हसायचे. मला आधी लाज वाटायची, मग वाटेनाशी झाली.

पुढच्या वसंतात दर्शनी भिंत पुढे झुकली. बाबांनीच दोन्ही मूर्ती उतरवल्या आणि पाद्रीबाबांच्या कोठारात ठेवल्या. लिहिता येत नव्हतं, पण मुरलेला माणूस. राणीच्या बैठकीखाली एक रेघ कोरली, बिशपच्या बैठकीखाली दोन. डावीकडची एक, उजवीकडची दोन. मग सात वर्षं सरकारला आमची आठवण झाली नाही.

झाली तेव्हा एकोणसाठ साल उजाडलं होतं. फेब्रुवारीत लावेर्दी साहेब आले. पॅरिसचे स्थापत्यकार. उंच, स्वच्छ, आवाज कधी न चढवणारे. ओरडणाऱ्या माणसाशी भांडता तरी येतं. यांच्याशी बोलणं म्हणजे ओल्या साबणाला धरणं. त्यांनी शहरातून आपले पाथरवट आणले आणि ज्या माणसाने ती भिंत तीस वर्षं सांभाळली त्याला, माझ्या बाबांना, चुना कालवायला लावलं. बाबांनी तेही गिळलं. "भिंत उभी राहू दे म्हणजे झालं," म्हणाले.

साहेबांबरोबर चामड्याच्या पाकिटात तो फोटो होता. त्याच मेणाच्या, आरपार दिसणाऱ्या कागदावरून पॅरिसमध्ये छापून आणलेला, पातळ, तपकिरी, पुठ्ठ्याला न डकवलेला. मेयरच्या कचेरीत त्यांनी तो टेबलावर मांडला आणि कामावरच्या माणसांना दाखवला. बायकांना कोण बोलावतंय! बाबा पाहून आले. मी दारातच विचारलं, "आई दिसते का हो त्यात?"

"दिसते."

"कशी दिसते?"

"बसलेली." एवढं बोलून त्यांनी लाकडी बूट काढले आणि भिंतीकडे तोंड करून बसले.

त्या रविवारी ते कबरीवर गेले नाहीत. मला वाटलं, दमले असतील. पुढच्याही नाही. झावळ्यांच्या रविवारी मंतरलेली हिरवी डहाळी मृतांना वाहायची असते, तीही मलाच न्यावी लागली. मी विचारलं, पुन्हा पुन्हा विचारलं. "विचार तिलाच," एवढंच उत्तर. आईचं नाव घरातून उठलं. सात वर्षं मेलेल्या बायकोशी भांडणारा माणूस एकाच दुपारी तिच्याशी अबोला धरतो आणि कारण सांगत नाही, तर मुलीने करावं काय? मी भांडी आपटली. दुसरं काय करणार?

इकडे साहेबांनी हुकूम काढला की मूर्तींच्या बैठका कुजल्या आहेत, कापून टाका. शहरच्या लोकांनी करवत चालवली. राणीच्या बैठकीबरोबर तिची पावलंही गेली आणि नव्या दगडाची, पाच-पाच बोटांची गोंडस पावलं बसवली गेली. जुने तुकडे पायाच्या भरावात. बाबांना दुपारी कळलं. धावत गेले, भरावात हात घालून शोधत राहिले. वरून चुन्याचा काला पडला होता. झिजलेला गोटा गेला, कोरलेली रेघ गेली.

"अहो, कितीतरी पिढ्यांनी घासून घासून तो पाय केला होता!" बाबा साहेबांना म्हणाले.

"म्हणूनच तर तो खराब झाला होता," साहेब म्हणाले.

आता ऐका खरी गंमत. सप्टेंबरात मूर्ती बसवायची वेळ आली. दारापुढे परांची उभी, आणि शहरचे लोक राणीला उचलून नेताहेत उजवीकडे! बाबा आडवे आले. "डावीकडे! बायकांच्या बाजूला!" साहेबांनी पाकीट उघडून फोटो दाखवला. फोटोत राणी उजवीकडे होती. चक्क उजवीकडे. फेब्रुवारीत बाबांनी त्यात फक्त आईकडे पाहिलं होतं. तिच्या पायाशी आईसुद्धा उजवीकडे.

"तुमचा फोटो चुकलाय," बाबा म्हणाले.

"फोटो चुकत नसतो, तेक्सरो. माणूस विसरतो. पेटीतली काच कशी विसरेल?"

बाबांनी इतका आरडाओरडा केला की मेयरने दुसऱ्या दिवशी कचेरीत सगळ्यांना बोलावलं. साक्षी काढायच्या ठरल्या. मी खिडकीपाशी उभी होते, तेव्हा सांगते ते कानांनी ऐकलेलं सांगते.

पहिला उठला इझिदोर, चर्चमध्ये गाणारा. तीस वर्षं रोज चर्चमध्ये. छाती काढून म्हणाला, "राणी उजवीकडे!"

बाबा ताडकन उठले. "अरे मेल्या, उजवीकडे कुठे?"

"माझ्या उजवीकडे! मी आत वेदीपाशी उभा राहून दाराकडे तोंड करून गातो की नाही?"

"मग बाहेरून डावीकडे झाली ना, गाढवा!"

"मला बाहेरचं विचारलंच नाही!"

साहेबांनी लिहून घेतलं: उजवीकडे. मग फेलिसी आली. ती म्हणाली, "राणी बाजाराच्या बाजूला होती बघा." पण बाजार तीन वर्षांपूर्वी चौकाच्या दुसऱ्या अंगाला हलवलेला! साहेबांनी खिडकीतून बाजाराकडे पाहिलं आणि लिहिलं: उजवीकडे. मी ओरडले, "फेलिसीमावशी, जुना बाजार म्हण, जुना!" मेयरने खिडकी लावून घेतली.

काचेतून मला बाबांचं तोंड दिसत होतं. लाल झालेलं. आवाज तर काचेतूनही येत होता. "बायका कुठे बसतात ते विचारा! राणी बायकांच्या बाजूला!" साहेबांनी नव्या पाद्रीबाबांकडे पाहिलं. ते दोन वर्षांपूर्वी आलेले, आणि ही दोन वर्षं भिंतीच्या भीतीने चर्च बंद असल्याने मिसा कोठारात चालायची. कोठारात डावीकडून वारा येतो म्हणून बायका उजवीकडे बसायच्या. पाद्रीबाबा प्रामाणिक माणूस. म्हणाले, "मी आल्यापासून तरी बायका उजवीकडेच बसतात."

संपलं! डोकं आपटून घ्यावं, दुसरं काही नाही. सगळ्या गावाला राणी कुठे होती ते माहीत, आणि एकाला धड सांगता येईना. साहेबांनी लेखणी खाली ठेवली. हळूच म्हणाले, "तेक्सरो, गावाची आठवण तुमच्या बाजूने नाही. आणि असती तरी मी कागद मानला असता. कागद खोटं बोलतो का?"

बाबा काही बोलणार होते. त्यांची नजर टेबलावरच्या त्या फोटोवर गेली, आणि माझ्या डोळ्यांदेखत तो माणूस विझला. टोपी उचलली आणि निघून आले. तेक्सरो गप्प बसला म्हणून गाव तीन दिवस बोलत होतं.

ऑक्टोबरच्या शेवटी राणी उजवीकडे चढली. तिच्या पाठीतल्या लोखंडी खुंट्यांभोवती शिसं ओतलं गेलं. बिशपचं शिसं दुसऱ्या दिवशी सकाळी ओतायचं होतं. ते एकदा गार झालं की दोघांना हलवणं म्हणजे दगड फोडणं. आणि चार दिवसांवर सर्व संतांचा सण, त्याच्या दुसऱ्या दिवशी मृतांचा. घराघरातून लोक कबरी धुवायला निघाले होते.

त्या दिवशी दुपारी जेवताना मी बाबांना धरलं. "सणाला आईकडे येणार की नाही? एकदाच सांगा. मी एकटी गेले तर गावाला काय उत्तर देऊ?"

"सांग म्हातारा मेला."

"असं कसं सांगू! काय केलंय आईने तुमचं?"

त्यांनी सुरी ताटात ठेवली. "त्या फोटोत तिची गाठ उजवीकडे आहे."

मला आधी समजलंच नाही. "कसली गाठ?"

"फितीची! उजव्या कानाखाली. विधवेची." आवाज फुटला त्यांचा. "त्या सकाळी आमचं भांडण झालं होतं. तुझ्याकडे निओरच्या जत्रेला न्यायचं कबूल केलं होतं मी तिला. नवी टोपी घालून तयार होऊन बसली होती. तेवढ्यात फोटोवाल्याचा निरोप आला, शिडी घेऊन ये. मी जत्रा रद्द केली. ती म्हणाली, असल्या नवऱ्यापेक्षा विधवा झालेली बरी! म्हणाली आणि चर्चच्या पायरीवर जाऊन रुसून बसली. तिथून हलेना. मला वाटलं, रागात बोलली. ती रोजच बोलायची. पण तिने गाठसुद्धा सोडून उजवीकडे बांधली, क्लेमाँस. मी जिवंत असताना. सगळ्या गावासमोर. आणि मी मात्र सात वर्षं तिथे जाऊन मूर्खासारखा बडबडत बसलो."

"आईने असं केलं नाही."

"तू नव्हतीस तिथे."

"नसेन! पण आई असं करणार नाही. गाव हसलं नसतं का? फेलिसीने तोंड बंद ठेवलं असतं का? सात वर्षांत एका तरी बाईने मला बोलून दाखवलं नसतं?"

"मी पाहिलंय ना माझ्या डोळ्यांनी! कागद खोटं बोलतो का?"

हे वाक्य ऐकलं आणि माझ्या हातातला पाव खाली पडला. हेच वाक्य त्या साहेबाचं! राणीच्या बाबतीत बाबा कागदाला खोटं म्हणून गावभर ओरडत होते, आणि आईच्या बाबतीत त्याच कागदाला शपथेवर खरं मानून बसले होते. कागद एकच! मला इतका संताप आला की रडूच आलं. "अहो बाबा, तुम्हाला डोकं आहे की चुन्याची पाटी?" मी बापाला असं बोलले, हो. आणि तशीच उठून गेले.

साहेब कचेरीत एकटेच जेवत होते. चेस्टनटच्या पानातलं शेळीचं चीज कसं सोलावं ते त्यांना कळत नव्हतं, पानासकट खात होते. मी म्हटलं, फोटो पाहायचाय, माझी आई आहे त्यात. त्यांनी सभ्यपणे पाकीट पुढे केलं.

आई! आठ वर्षांनी. रुसलेली, हनुवटी वर केलेली, नव्या टोपीला कडक खळ. आणि गाठ उजव्या कानाखाली. बाबा खोटं बोलत नव्हते. तिच्या शेजारी धुरासारखा एक डाग होता, ते बाबा असावेत, शिडी सरळ करायला निघालेले.

आता मी इस्त्रीवाली. मलमलीची टोपी इतकी पातळ असते की तिची सुलटी बाजू कुठली ते शिवण चाचपल्याशिवाय कळत नाही. कितीदा मी उलट्या बाजूने इस्त्री करून बसले आहे, आणि मग फीत नको त्या कानाशी येते. मी तो कागद उचलला, खिडकीपाशी नेला, पालथा केला आणि काचेवर धरला. उजेड आरपार आला. आईची गाठ डाव्या कानाखाली आली. राणीही डावीकडे आली.

"साहेब, हे बघा," मी म्हटलं. "तुमचा मेणाचा कागद छापताना कोणीतरी पालथा ठेवलाय."

ते हात पुसत उठले. माझ्या खांद्यावरून पाहिलं. त्यांचे कान हळूहळू तांबडे झाले. माणूस मूर्ख नव्हता, हे मी कबूल करते. मूर्ख असता तर मला इतका राग आला नसता.

"हे कशावरून?" ते म्हणाले. "पालथा धरला तर कुठलंही चित्र उलटतं."

मी गाठीचं सांगितलं. लग्नाची डावी, विधवेची उजवी. माझे बाबा चुना कालवताहेत, जिवंत आहेत, तेव्हा माझी आई विधवा नव्हती. म्हणजे कागद उलटा आहे. म्हणजे राणी डावीकडे. यात न समजण्यासारखं काय आहे, सांगा!

"टोपीच्या गाठीवरून," साहेब म्हणाले.

"हो, टोपीच्या गाठीवरून!"

त्यांनी माझ्या हातातून कागद घेतला. मग तो पाकिटात घातला. "बाई, याची दुसरी प्रत माझ्या अहवालाबरोबर वर गेली आहे. त्यावर शिक्का झाला आहे. हा एक फोटो उलटा म्हटला तर बाकीच्यांचं काय, असं मला विचारतील. कुठल्या कुठल्या चर्चचं काम त्यांच्यावरून चाललं आहे. त्यांना मी काय सांगू? एका खेडूत बाईने फीत कुठे बांधली होती, हे?"

"खरं ते सांगा!"

"बिशपचं शिसं सकाळी ओतलं जाईल," ते म्हणाले. आवाज तसाच, चढला नाही. मी एखादं भांडं शोधत होते फेकायला, पण टेबलावर फक्त चीजचं ते पान होतं.

राणी आजही उजवीकडेच आहे. तुम्ही कधी आलात तर बघा. बायका सवयीने डावीकडून येतात, हात पुढे करतात, तिथे बिशप. मग दारातच वळतात, पलीकडे जाऊन राणीच्या पायाला हात लावतात आणि परत डावीकडे येतात. पुरुषांचं नेमकं उलट. दर रविवारी आमच्या दारात अशी टक्कर होते की एकदा मेयरची टोपी बिशपच्या पायाशी पडली. नव्या पोरी विचारतात, असं आडवं का जायचं? सांगून सांगून थकले. आता म्हणते, रीत आहे.

तर मी कचेरीतून निघाले ती थेट कामाच्या जागी. बाबा चुन्याच्या खड्ड्यापाशी होते, कोपरापर्यंत पांढरे. मी लांबूनच ओरडत गेले. "उलटा आहे! कागद उलटा छापलाय! मी काचेवर धरून पाहिला! त्या मेल्याला कळलंय आणि तरी तो मान्य करत नाही! उठा, मेयरकडे चला, धर्मपीठाला पत्र लिहू, बिशपचं शिसं अजून ओतलं नाही..."

"आणि गाठ?" बाबा म्हणाले.

"काय?"

"गाठ. उलटा धरल्यावर."

"डावीकडे," मी म्हटलं. "डावीकडेच होती, बाबा. पहिल्यापासून."

ते चुन्याच्या पोत्यावर बसले. फावडं खड्ड्यात पडलं ते त्यांनी काढलंही नाही. मग एकदम उठले आणि चालू लागले, तसेच पांढरे, लाकडी बूट खटखटत. मी मागून. मला वाटलं, मेयरकडे निघाले. ते चर्चच्या कोपऱ्यावरून वळले आणि कबरस्तानाच्या फाटकात शिरले.

आठ महिन्यांचं गवत वाढलं होतं. कडेकडेचं मी काढत असे, पण मधलं त्यांच्या हातचं म्हणून ठेवलं होतं. ते गुडघ्यावर बसले आणि उपटायला लागले. मी तिथेही थांबले नाही, बोलतच राहिले. सकाळी शिसं ओततील, वेळ नाही, पुरावा आहे, गाव जमवू.

"बाबा, ऐकताय ना? राणी चुकीच्या बाजूला उभी आहे!"

"राहू दे गं," ते म्हणाले. "ती दगडाची आहे."

मग त्यांनी हातातलं गवत बाजूला टाकलं, आईच्या क्रुसाशेजारी टेकून बसले आणि मला म्हणाले, "तू जा. मला इथे जरा बसायचंय."

मी फाटकापर्यंत गेले आणि वळून पाहिलं. बोलत नव्हते, भांडत नव्हते. हात मांडीत घेऊन बसले होते. चौकात परांचीवरून हाका सुरू होत्या, ओनेझीम, चुना आण, अरे ओनेझीम! कोणाची तरी शेळी कुंपणातून आत आली, त्यांच्या बाहीवरचा चुना हुंगून गेली. संध्याकाळची घंटा झाली. तोवर मी तिथेच उभी होते, आणि तोवर बाबा हलले नाहीत.